ओटी आणि माजघर : परदेशस्थ चिनी लोकांच्या वास्तू



आपल्या कोकणांतील जुन्या घराची मांडणी आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. अंगण ओलांडलें कीं ओटी लागते, ओटीमागें माजघर, आणि त्याच्याहि आंत देवघर व स्वयंपाकघर. ओटीवर शेजारी येऊन बसतो, वाटसरू पाणी मागतो, गांवचा तंटाहि कधीं कधीं तेथेंच मिटतो. माजघर मात्र घरच्या माणसांचें. ज्या घराला माजघर नाहीं ती धर्मशाळा, आणि ज्या घराला ओटी नाहीं ती गढी. घराच्या या दोन भागांचा आधार घेऊन मला आज एका दूरच्या लोकसमूहाविषयीं बोलावयाचें आहे. गेल्या दोन शतकांत चीन देश सोडून लक्षावधि लोक समुद्रापार गेले. परक्या भूमींत त्यांनीं ज्या वास्तू उभारल्या, त्या वास्तूंनीं त्यांना त्या भूमीशीं जोडलें काय, आणि जोडलें असल्यास तें कशाच्या बळावर, हा माझा आजचा प्रश्न आहे.

हे लोक प्रामुख्यानें चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील ग्वांगडुंग आणि फूजियान या दोन प्रांतांतले. कोणी खाणींत आणि आगगाडीच्या रस्त्यावर मजूर म्हणून गेले, कोणी व्यापारासाठीं गेले, तर कोणी जहाजावरील खलाशी म्हणून. आपण त्यांना सरसकट ‘चिनी’ म्हणतों; परंतु फूजियानच्या माणसाची बोली कँटनच्या माणसाला कळत नाहीं. म्हणून परक्या बंदरांत उतरलेला मनुष्य प्रथम शोध करी तो आपल्या गांवच्या किंवा आपल्या कुळाच्या माणसाचा. या गरजेंतून त्यांची पहिली वास्तु जन्मास आली. तिला ते ‘हुइग्वान’ म्हणत. मलायाच्या बाजूस कुळाच्या अशा संस्थेला ‘कोंग्सी’ हें नांव रूढ झालें. नवागताला चार दिवस अंथरूण टाकण्यास जागा, कामधंद्याची माहिती, घरीं पत्र व पैसे धाडण्याची सोय, आपसांतील भांडणाचा निवाडा आणि मरणानंतरचे विधि, हें सर्व एका छपराखालीं होई. अमेरिकेंतील अशा संस्था मृतांच्या अस्थि कांहीं वर्षांनीं उकरून जहाजानें मायदेशीं पाठवीत.

मुंबईकर श्रोत्यांना ही कल्पना अगदींच नवी वाटूं नये. धोबीतलाव व गिरगांव या भागांत गोमंतकीय खलाशांनीं आपापल्या गांवाच्या नांवानें चालविलेले ‘कूड’ पुष्कळांनीं पाहिले असतील. जहाज मिळेपर्यंत पथारी टाकण्यास जागा, पेटी ठेवण्यास कोपरा, आणि भिंतीशीं गांवच्या संताची वेदी. चिनी हुइग्वान आणि गोव्याचा कूड यांनीं एकमेकांचें अनुकरण केलेलें नाहीं. सारख्या अडचणींतून सारखी वास्तु निघाली, इतकेंच. या वास्तूंत माजघर उत्तम होतें. तेथें माणसाला आपली बोली, आपलें अन्न आणि आपला देव मिळे. परंतु तिचें तोंड मागें, सोडून आलेल्या गांवाकडे होतें. समोरच्या रस्त्याशीं तिचें नातें जडावयास आणखी कांहीं तरी हवें होतें.

हें नातें कसें जडत गेलें तें पाहण्यास प्रथम सिंगापुरास जाऊं. १८२२ सालीं स्टॅम्फर्ड रॅफल्स यानें त्या शहराची आंखणी करतांना एक नियम घालून दिला. रस्त्यावरील प्रत्येक घराला ठराविक रुंदीची पडवी असावी. ती सदैव खुली राहावी. आणि अशा पडव्या एकमेकींस जोडून रस्त्याच्या दोन्ही अंगांस छपराखालची सलग वाट व्हावी. दक्षिण चीनमधील दुकानदाराचें घर मूळचेंच अरुंद तोंडाचें आणि खूप खोल. मध्यें उजेड, वारा व पाऊस घेणारा चौक. खालीं दुकान, वर बिऱ्हाड. या घरापुढें रॅफल्सच्या नियमाची पडवी आली आणि एक नवीनच घर तयार झालें. तें चीनचें नव्हतें, इंग्लंडचेंहि नव्हतें. तें त्या बंदराचें होतें. पुढें या पडवीला ‘पांच फुटी वाट’ हें नांव पडलें आणि मलायांतील इतर शहरांतहि ती पसरली.

या पडवीनें काय साधलें याचा विचार करा. विषुववृत्ताजवळचें तें शहर. ऊन कडक आणि पाऊस केव्हांहि कोसळावयाचा. पावसांत सांपडलेला तमिळ हमाल, मलायी फेरीवाला, गोरा कारकून, सगळे चिनी माणसाच्या दारापुढून, त्याच्याच छपराखालून जाणार. तेथेंच न्हावी बसे, चांभार बसे, आणि निरक्षर मजुराला घरचें पत्र लिहून देणारा लेखनिकहि बसे. परक्याशीं ओळख करून घेण्यासाठीं कोणी मुद्दाम समारंभ केला नाहीं. येतां जातां ओळख झाली. अर्थात् हें सारें गोडीगुलाबीनें झालें असेंहि नव्हे. दुकानदार पडवींत माल मांडीत आणि वाट अडे. १८८८ सालीं नगरपालिकेनें पडव्या मोकळ्या करण्याचा हट्ट धरला, तेव्हां दुकानें बंद झालीं व शहरांत दंगे उसळले. ओटी घरमालकाची कीं गांवाची, हा तो वाद होता. माझ्या मतें वाद झाला हीच खूण आहे. जी जागा दोघांच्याहि उपयोगाची असते तिच्याचविषयीं दोघे भांडतात.

त्याच शहरांत तेलोक आयर नांवाचा रस्ता आहे. आज समुद्र तेथून दूर हटला आहे. पूर्वीं तो रस्ता अगदीं किनाऱ्याला लागून होता. फूजियानहून आलेले लोक जहाजांतून उतरले कीं, सुखरूप पोहोंचल्याबद्दल समुद्रदेवता मात्सू हिची येथें पूजा करीत. १८३९ ते १८४२ या काळांत त्या जागीं ‘थियान हॉक केंग’ हें मंदिर उभें राहिलें. त्याचें छप्पर, खांब आणि कोरीव काम फूजियानच्या रीतीचें; परंतु त्यांत लोखंडी जाळीकाम बसविलें तें स्कॉटलंडमधील ग्लासगोचें, आणि फरशा बसविल्या त्या हॉलंडच्या. ज्यांनीं हें मंदिर बांधलें त्यांना परक्या वस्तूनें देवाला विटाळ होतो असें वाटलें नाहीं. बंदरांत जें उत्तम मिळालें तें त्यांनीं देवापुढें ठेविलें. त्याच रस्त्यावर तमिळ मुसलमानांनीं १८३० च्या सुमारास बांधलेला नागूर दर्गा आहे. दोघेहि समुद्र ओलांडून आलेले, दोघांनींहि उतरतांक्षणीं देवाचे आभार मानलेले. आणि दोघांचीं देवस्थानें शेजारीं शेजारीं. १९१५ सालीं या चिनी मंदिराच्या आवारांत मुलींची शाळा निघाली. देवळाची शाळा झाली तेव्हां त्या वास्तूचें तोंड मागच्या गांवाकडून पुढच्या पिढीकडे वळलें, असें मी समजतों.

पेनांग बेटावरील जॉर्जटाउनमध्यें खू कुळाची कोंग्सी आहे. सध्यांची वास्तु १९०६ सालची. तिच्या आधींची भव्य वास्तु आगींत जळाली. अरुंद बोळांतून आंत गेल्यावर एकदम फरसबंद चौक लागतो, आणि समोर कोरीव कामानें लगडलेलें तें सभागृह दिसतें. बाहेरून कांहींच दिसूं नये अशीच ही योजना. म्हणजे हें खरें माजघर. तरीहि या माजघराच्या दाराशीं शिल्पकारांनीं दगडांत कोणाला उभें केलें आहे? फेटा बांधलेल्या शीख पहारेकऱ्यांना! इंग्रजी अमलांत मलायांतील पेढ्यांवर आणि श्रीमंतांच्या वाड्यांवर शीख रखवालदार असत. चिनी कारागिरानें आपल्या कुळदेवतांच्या रक्षणास त्यांनाच नेमलें. आंतल्या भिंतींवर कुळांतील ज्या मुलांमुलींनीं उच्च शिक्षण व मानसन्मान मिळविले त्यांचीं नांवें झळकतात. मायदेशाच्या पूर्वजांची स्मृति आणि नव्या देशांतील मुलांचें कर्तृत्व एकाच छपराखालीं आलें. २००८ सालीं जॉर्जटाउन व मलाक्का या शहरांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, तो या सरमिसळीच्या गौरवार्थच होय.

येथवर चित्र सुखाचें दिसलें. आतां पॅसिफिक महासागर ओलांडून जेथें तें दुःखाचें होतें तेथें, अमेरिकेस, जाऊं. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियांत जगांतील लोक लोटले, त्यांत चिनीहि होते. सोनें सरलें, आगगाडीचे रस्ते पुरे झाले, आणि त्यांच्याविषयीं द्वेष पेटला. १८८२ सालीं कायदा होऊन चिनी मजुरांस अमेरिकेचें दार बंद झालें; तो कायदा १९४३ सालीं रद्द झाला. या मधल्या काळांत, १८ एप्रिल १९०६ रोजीं, सान फ्रान्सिस्को शहरास प्रचंड भूकंपाचा धक्का बसला व मागोमाग लागलेल्या आगींत चिनी पेठ भस्मसात् झाली. शहराच्या कारभाऱ्यांना ही पर्वणीच वाटली. मध्यवस्तींतील मोलाची जागा मोकळी झाली होती. चिनी लोकांना शहराच्या आग्नेय टोकास, हंटर्स पॉइंट येथें, हलवावें असा घाट त्यांनीं घातला.

चिनी लोकांनीं निरनिराळ्या बाजूंनीं प्रतिकार केला. चीन सरकारच्या वकिलातीनें आपली कचेरी पूर्वींच्याच जागीं बांधण्याचा निर्धार जाहीर केला. पेठेंतील बहुतेक जमिनी गोऱ्या मालकांच्या होत्या. त्यांना चिनी भाडेकरूंचें भाडें हवें होतें, तेहि या बाजूस वळले. लुक टिन एली नांवाचा, कॅलिफोर्नियांतच जन्मलेला एक चिनी व्यापारी होता. त्याच्या ध्यानांत आलें कीं, शहराला आपली पेठ नको आहे ती ती गलिच्छ व भयानक आहे अशा समजुतीनें. तिला सुंदर केली, ती पाहण्यास प्रवासी येऊं लागले, तर हेंच शहर तिला जपेल. त्यानें वास्तुशिल्पी पॅटरसन रॉस आणि अभियंता बर्ग्रेन या दोघां गोऱ्या गृहस्थांना काम सांगितलें. दोघांनींहि चीन देश पाहिलेला नव्हता. त्यांनीं विटांच्या आधुनिक अमेरिकन इमारती बांधल्या, आणि त्यांच्या माथ्यावर पॅगोड्याचे मजले, वळलेल्या कडांचीं छपरें व भडक रंग चढविले. ग्रँट ॲव्हेन्यू आणि कॅलिफोर्निया स्ट्रीट यांच्या चौकांत सिंग चाँग व सिंग फॅट या दोन इमारती आजहि समोरासमोर उभ्या आहेत.

वास्तुशास्त्राचा जाणकार या इमारतींना नाटकाचे पडदे म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. चीनमध्यें अशी इमारत कोणी बांधली नसती. पण या पडद्यामागें हजारों माणसांचे संसार होते, आणि ते उठून जाण्याचें संकट याच पडद्यांनीं टाळलें. पेठ होती तेथेंच राहिली. मात्र तिला त्याची किंमत द्यावी लागली. पाहुणे येत ते बसावयास नव्हे, तर पाहावयास. ओटी म्हणून बांधलें तें दुकानाच्या कांचेचें कपाट झालें, आणि कपाटांतील वस्तु कितीहि सुंदर असली तरी ती कोणाची शेजारीण होत नाहीं. त्याच काळांत, १९१० पासून १९४० पर्यंत, त्याच उपसागरांतील एंजल बेटावर सरकारी बराकींत नवागत चिनी प्रवाशांना आठवडे नि महिने अडकवून त्यांच्या उलटतपासण्या चालत. त्यांनीं लांकडी भिंतींवर कोरलेल्या कविता १९७० सालीं पुन्हां उजेडांत आल्या. एकाच शहरानें चिनी पॅगोड्यांकडे कौतुकानें पाहावें आणि चिनी माणसाला मात्र बेटावर कोंडावें, यावरून केवळ दर्शनी शोभेची मर्यादा कळून येते.

याच पेठेंत दोन वास्तू मला अधिक मोलाच्या वाटतात. पहिली १९०९ सालची टेलिफोनची कचेरी. तिचेंहि रूप पॅगोड्याचें. पण आंत काम करणाऱ्या मुली चिनी बोलीहि जाणत व इंग्रजीहि. चिनी ग्राहक नंबर न सांगतां माणसाचें नांव सांगत. माणसाला आंकड्यानें संबोधणें त्यांना असभ्य वाटे. या मुलींना सर्व ग्राहकांचीं नांवें पाठ असत. १९४९ सालीं स्वयंचलित यंत्र आलें तोंपर्यंत अमेरिकेच्या त्या नव्या यंत्रानें चिनी शिष्टाचार पाळला. दुसरी वास्तु क्ले स्ट्रीटवरील ख्रिस्ती तरुण स्त्रियांच्या मंडळाची, १९३२ सालची. तिची शिल्पकार ज्यूलिया मॉर्गन ही पारीसच्या कलाविद्यालयांतून वास्तुशिल्पाचें प्रमाणपत्र मिळविणारी पहिली स्त्री, आणि कॅलिफोर्नियांत वास्तुशिल्पाचा परवाना मिळविणारीहि पहिली. तिनें कौलारू मनोरे आणि चौक ही चिनी परंपरा घेतली. पण त्यांच्या आंत सभागृह आणि व्यायामशाळा ठेविली. ज्या मुलींना शहरांतील इतर दारें सहज उघडत नसत, त्या या दारानें आंत येत व नवें कांहीं शिकून बाहेर पडत. येथें चिनी रूप प्रवाशांच्या डोळ्यांसाठीं नव्हतें. तें आंत येणाऱ्या मुलीला धीर देण्यासाठीं होतें. २००१ पासून या वास्तूंत चिनी अमेरिकनांच्या इतिहासाचें संग्रहालय आहे.

उत्तरेस कॅनडांतील व्हँकूव्हर शहरींहि हाच झगडा झाला. १८८५ सालीं प्रत्येक चिनी नवागतावर ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसला, तो १९०३ सालीं ५०० डॉलरवर गेला. १९२३ सालीं प्रवेश जवळ जवळ बंदच झाला आणि तो १९४७ सालीं पुन्हां उघडला. त्या पेठेंतील समाजसंस्थांच्या इमारतींना दर्शनी भिंतीच्या आंत ओढून घेतलेले सज्जे असतात. दक्षिण चीनच्या रीतीची ती आठवण. एका कोपऱ्यावरील जुन्या इमारतीची मौज अशी कीं, पेंडर स्ट्रीटवरील तिचा चेहरा सज्जांचा, चिनी वळणाचा, तर कॅरल स्ट्रीटवरील चेहरा सर्वस्वीं इंग्रजी थाटाचा. एकाच घराला दोन चेहरे! याला कोणी ढोंग म्हणेल. मी तर याला दोन भाषा बोलणें म्हणेन.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या पेठेंतून आणि शेजारच्या वस्तींतून मोटारींचा द्रुतमार्ग नेण्याचें ठरलें. रहिवाशांनीं, त्यांत बहुसंख्य चिनी होते, घरोघर फिरून व सभा भरवून ती योजना हाणून पाडली. पुढें १९८६ सालीं त्याच पेठेंत सन यत्-सेन यांच्या नांवाची बाग झाली. सूचौ शहरांतून आलेल्या ५२ कारागिरांनीं मिंग काळांतील पंडिताच्या घराच्या धर्तीवर, खिळे व स्क्रू न वापरतां, ती बांधली. तिला उंच पांढऱ्या भिंती आहेत. पण भिंतींना नक्षीदार जाळ्यांच्या खिडक्या आहेत, त्यांतून आंतलें थोडें बाहेर दिसतें. भिंतीला लागूनच सर्वांना विनामूल्य खुलें असें उद्यान आहे. येथें चिनी माणसानें प्रवाशांस रिझविण्याचा पोशाख केलेला नाहीं. जें त्याच्या घरचें खरें उत्तम तेंच त्यानें शहराला देऊं केलें आहे.

आपल्या देशांतहि अशा खुणा आहेत. कलकत्त्याजवळ हुगळीकांठीं अछिपूर येथें अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी वसाहत झाली. शहरांतील तिरेटा बाजारांत चिनी समाजांचीं देवळें आहेत. तेथील चिनी लोक बोलण्यांत त्यांना ‘चर्च’ म्हणतात. टांग्रा भागांत चिनी लोकांनीं कालीमातेचें मंदिर बांधलें असून तेथें नूडल्सचा नैवेद्य होतो! आपल्या मुंबईंत माझगांवच्या गोदीजवळ १९१९ सालचें ‘सी यूप कून’ हें लहानसें मंदिर आहे. ग्वांगडुंगमधील चार तालुक्यांच्या खलाशांनीं तें उभारलें. वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा सत्यनिष्ठ योद्धा देव विराजमान आहे. देव आणि आसरा एका छपराखालीं. म्हणजे पुन्हां तोच कूड, तोच हुइग्वान.

परंतु १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें, आणि भारतांतील सुमारें ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांत येथेंच जन्मलेलीं मुलेंहि होतीं. पुष्कळांनीं पुढें हा देश सोडला. मुंबईंतील चिनी वस्ती ओसरली. माझगांवचें मंदिर मात्र राहिलें. आपण अमेरिकेच्या व कॅनडाच्या कायद्यांची कथा ऐकतांना मान हलवितों. ही आपली कथाहि त्याच वेळीं आठवली पाहिजे. वास्तु माणसाला ओळख देते, आसरा देते, शेजार देते; पण समाजानें आणि सरकारनें एकदां पाठ फिरविली कीं चार भिंती त्याला वांचवूं शकत नाहींत.

म्हणून माझ्या प्रश्नाचें उत्तर मी असें देतों. जी वास्तु केवळ माजघर असते ती नवागताला सांभाळते, पण परकाच ठेवते. जी केवळ दर्शनी शोभा असते ती त्याला कांहीं काळ वांचविते, पण त्याचें प्रदर्शन मांडते. जींत माजघर शाबूत असतें आणि जिची ओटी शेजाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची असते, पावसांत थांबण्याच्या, पत्र लिहून घेण्याच्या, शिकण्याच्या, नुसतें टेकण्याच्या उपयोगाची, तीच वास्तु परक्या भूमींत मूळ धरते.

आपलेंहि लोक आज जगभर आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलें आहे. इतर देशांतहि आपलीं मंडळें व मंदिरें उभीं राहात आहेत. तेथें गणपतीची आरास आणि मराठीचा वर्ग असावाच. तें आपलें माजघर. पण शेजारच्या परक्या म्हातारीला सहज येऊन बसावेंसें वाटेल असा एखादा बांकहि दाराबाहेर असावा. आणि हीच गोष्ट उलट बाजूनेंहि लागू आहे. पुण्यामुंबईस दूरच्या प्रांतांतून पोटासाठीं जीं माणसें येतात, त्यांना आपण राहण्यास खोली देतों ती भाडें घेऊन. टेकण्यास ओटी देतों काय, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा.